राजीची वाट आणि आमची वाट

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. एरवी आम्ही इथं बी-बियाणं, शेवया-पापड, कर्जाचे हप्ते असं काहीबाही सांगतो. आज मात्र खेळाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही कॉम्प्युटरवरच्या. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

त्याचं झालं असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गटातल्या एका ताईंचा भाचा पुण्याहून आला, सोबत लॅपटॉप घेऊन. ताईंची लेक दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. दोघं सारखी त्या पडद्यासमोर. आमची महिन्याची बैठक त्यांच्याच ओसरीवर होती. बचतीचे पैसे मोजून झाले, वही भरून झाली, तरी आतून पोरीचा आवाज येतच होता, "पडले! पुन्हा पडले!" ताई वैतागल्या. म्हणाल्या, "बंद कर ते आता." पोरगी म्हणाली, "माय, एवढी एकच जागा पार होऊ दे." आमच्यातल्या एकीनं विचारलं, "कुठली जागा गं?" आणि एकेक करत सगळ्याच आत जाऊन बसलो.

खेळाचं नाव 'राजी'. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तो तयार केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी ही संस्था उभी केली. २०१७ साली त्यांनी खेळासाठी लोकांकडून वर्गणी मागून पाहिली. ठरवलेली रक्कम काही जमली नाही. तरी काम सोडलं नाही, आणि २०२० साली खेळ बाहेर आला. वर्गणी जमली नाही म्हणजे काय होतं, हे गट चालवणाऱ्या बायांना वेगळं सांगायला नको.

गोष्ट अशी. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू कठपुतळ्या नाचवतो. ऐन राखीच्या सणाला राक्षस येतात आणि गोलूला पळवून नेतात. मग राजी त्याला शोधायला निघते. दुर्गामाता तिला त्रिशूळ देते. आपण राखी बांधतो तेव्हा म्हणतो, भाऊ बहिणीची राखण करेल. इथं बहीणच भावाच्या राखणीला निघाली. हे ऐकलं आणि आमच्या निम्म्या बाया तिथंच पक्क्या बसल्या.

आता ती अडलेली जागा. राजी एका जुन्या किल्ल्यात शिरली होती. राजस्थानात असतात तशा हवेल्या, कमानी, नक्षीचे खांब. तिला समोरच्या सज्जात जायचं होतं. मधली वाट तुटलेली, खाली खोल दरी. पोरगी काय करायची, तर सज्जाकडे तोंड करून जोरात पळायची आणि उडी मारायची. राजी खाली. पुन्हा पळायची, पुन्हा खाली. दहा वेळा तरी आम्ही बघितलं.

भाच्यानं आम्हाला एक गोष्ट समजावली. या खेळात आपल्याला नजर हवी तशी फिरवता येत नाही. कुठून, किती उंचावरून दिसणार, ते खेळच ठरवतो. म्हणून पुढची वाट पटकन सापडत नाही. ती नसते असं नाही, भिंतीच्याच रंगात मिसळून गेलेली असते. कुठं एखादी बारीक कडा, कुठं धरायला खांब. राजी कसरतवाली, त्यामुळं ती कडेला लोंबकळते, खांबावर चढते, भिंतीवरून आडवी धावतेसुद्धा. पण कुठून सुरुवात करायची, ते बघणाऱ्यानंच हेरायचं.

आमच्या गटात सगळ्यात वडीलधाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचं माहेर सेलू तालुक्यातलं वालूर. वालूरची बारव तुमच्यापैकी काही जणींनी पाहिली असेल. तिला सरळ खाली जाणाऱ्या पायऱ्या नाहीत, गोल गोल फिरत उतरायचं. ती बारव गाळानं, कचऱ्यानं बुजली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. मावशी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पोरी, तू सारखी समोरच काय बघतीस? आमच्या बारवेत पाण्याकडं जायचं तर आधी पाण्याला वळसा घालावा लागतो. मागं फिर की जरा."

पोरीनं राजीला मागं वळवलं. डाव्या हाताला, सज्जापासून उलट दिशेला, भिंतीत एक कडा होती. कडेवरून खांब, खांबावरून वरची गच्ची, गच्चीवरून भिंतीला धरून आडवी धाव, आणि राजी सज्जात! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी तर पोरीची दृष्टच काढली.

आणखी एक आम्हाला आवडलं. राजी पडली तरी खेळ पहिल्यापासून सुरू होत नाही. मागच्या टप्प्यापाशी ती पुन्हा उभी राहते. आणि मधेमधे कोडी येतात, एकात एक बसवलेली गोल चाकं फिरवायची. सगळी नीट जुळली की राजी आणि गोलूचं जुनं चित्र पुरं होतं. दमलेल्या पोरीला आपण कुणासाठी निघालो, याची आठवण राहते.

त्या संध्याकाळी पोरीनं आम्हाला चहा दिला आणि हळूच म्हणाली, "मावशी, मला अकरावीला तालुक्याला जायचंय. बाबा म्हणतात, जाणार कशी?" तिच्या आईनं मान खाली घातली. खेळ बंद करा म्हणणाऱ्या त्या माउलीला मुलीच्या मनातलं हे माहीतच नव्हतं. आम्हालाही नव्हतं. शेजारी बसलो, तिचा खेळ बघितला, म्हणून ती बोलली.

मग आम्ही त्याच वहीच्या मागच्या पानावर वाट काढली. गावात एसटी येत नाही. फाटा दोन किलोमीटर. मधे ओढा, पावसाळ्यात अडवतो. फाट्यावरून एसटी मिळते. मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत आहे, म्हणजे तिकिटाची अडचण नाही. अडचण फक्त त्या दोन किलोमीटरची आहे. इतके दिवस आम्ही 'तालुका लांब' म्हणत होतो आणि समोरच बघत होतो. अडलेली जागा तर घराजवळच निघाली.

पोरीच्या वडिलांशी आम्ही पाच जणी बोललो. ते म्हणाले, "अंधारात एकटी कशी यायची?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हा ठरलं असं. गावातल्या चार मुली एकत्र जातील. सकाळी आणि संध्याकाळी आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं त्यांना फाट्यापर्यंत सोडायला, आणायला जातील. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या बाईंशी बोललो. गाडी चुकली, पाऊस लागला, तर मुली त्यांच्याकडे थांबतील. राजीला थांबायला टप्पा असतो, तसा हा आमच्या मुलींचा टप्पा. ओढ्याला पूर आला तर त्या दिवशी सुट्टी, पण शाळा सुटली असं म्हणायचं नाही. गावात गाडी यावी म्हणून मुलींच्या नावांची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून एसटीच्या आगारात अर्ज दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

जाता जाता खेळाबद्दल दोन गोष्टी. मोबाईलवरचे काही खेळ फुकट म्हणून सुरू होतात आणि मधेच पैसे मागतात. आपला बँकेचा नंबर, ओटीपी मुलांच्या हाती देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० नंबरला फोन करा. खेळायची वेळ ठरवून द्या. पण नुसतं "बंद कर" म्हणण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा, "कुठं अडलीस गं?"

आमची पोरगी आता अकरावीला आहे. परवा सकाळी फाट्याकडे जाताना ओढ्यात पाणी होतं. ती पुढं निघाली होती, थांबली, मागं वळली आणि वरच्या अंगाला दगड शोधायला लागली. आम्ही तिच्या मागोमाग गेलो.

गोलू सापडला का, ते मात्र सांगणार नाही. तुमच्या पोरींनाच विचारा. रामराम.