खडकांतील नाद आणि खोलीचें गणित

गोवंडीहून रात्रीं माहुलच्या दिशेनें पाहिलें, म्हणजे तेलशुद्धीच्या कारखान्यांतील धुराड्यांवरची ज्योत दिसते. तेथें येणाऱ्या तेलांतील कांहीं तेल मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, समुद्राच्या तळाखालून निघालेलें असतें. १९७४ च्या फेब्रुवारींत 'सागर सम्राट'नें तेथें तेल शोधून काढलें आणि 'बॉम्बे हाय' हें नांव घरोघर पोहोंचलें. पण भोंक पाडण्यापूर्वीं खालची रचना कळली ती प्रतिध्वनीवरून.

पाण्यांत धक्का द्यावयाचा. त्याचा नाद तळाखालच्या थरांवर आपटून परत येतो, आणि जहाजामागें ओढलेल्या लांब दोरावरील श्रवणयंत्रें त्याची वेळ टिपतात. दूरच्या यंत्राकडे नाद उशिरां पोहोंचतो. त्या उशिरावरून वेग आणि वेगावरून खोली काढतात. गणित म्हणाल तर शाळेंतील पायथागोरसाचेंच.

या गणितांत एक गृहीत लपलेलें आहे. तें असें कीं, नाद सर्व दिशांनीं सारख्याच वेगानें जातो. लांकडांत तो तंतूंच्या दिशेनें वेगानें जातो, आडवा मंद. थराथराच्या खडकाची तीच गत. चिखलाचे सूक्ष्म कण चपटे पडून झालेल्या खडकांत नाद थरांना समांतर लवकर धांवतो, थर भेदतांना रेंगाळतो. कठीण व मऊ असे पातळ थर एकाआड एक रचले असतील, तर प्रत्येक थर स्वतः निर्दोष असूनही एकंदर रास असा पक्षपात करते. जॉर्ज बॅकस यांनीं हें १९६२ मध्यें गणितानें दाखविलें. बॉम्बे हायचें तेल चुनखडकांत आहे, आणि त्या चुनखडकाच्या मधून मधून चिखलखडकाचे थर आहेत.

एक कल्पित दाखला घ्यावा. नाद सरळ खालीं जाऊन २ सेकंदांत परत आला. उभा वेग सेकंदास ३००० मीटर, म्हणजे थर ३००० मीटरांवर. पक्षपात नसता, तर ३००० मीटर दूरच्या यंत्राकडे तो २.२३६ सेकंदांनीं पोहोंचता. पोहोंचला २.१९८ सेकंदांनीं. फरक डोळ्याच्या एका पापणीहूनही कमी! पण त्यावरून वेग सुमारें ३२८६ निघतो आणि थर २८६ मीटर अधिक खोल ठरतो. खोदणाऱ्यास तो अपेक्षेपूर्वींच भेटतो. त्यांत वायु दाबाखालीं कोंडलेला असला, तर भोंकांतील चिखलाचें वजन अपुरें पडून माणसांच्या जिवावर बेततें.

विशेष वाईट हें कीं, चूक कागदावर दिसत नाहीं. काळाची वक्ररेषा अगदीं नीट जुळते. लिऑन थॉमसेन यांनीं १९८६ मध्यें हा पक्षपात मोजण्याचीं सुटसुटीत परिमाणें दिलीं. पुढें १९९५ मध्यें अल्खलिफा व त्स्वँकिन यांनीं दाखविलें कीं, फार दूरच्या यंत्रांवरील वेळा घेतल्या असतां वक्ररेषा जी किंचित् ढळते, तींतून आणखी एक परिमाण हातीं येतें. तथापि निरनिराळ्या वेगांचे थर एकावर एक असले, तरीही ती रेषा ढळते. दोन्ही कारणें वेगळीं काढणें हें कसबाचें काम.

आणि एवढें करूनही खरा उभा वेग केवळ अशा वेळांवरून निघत नाहीं. त्याकरितां विहिरींतच श्रवणयंत्र उतरवून, वरून दिलेला धक्का त्या खोलीपर्यंत किती वेळांत पोहोंचतो, तें पाहावें लागतें. पहिली विहीर खणणाऱ्याजवळ अशी विहीर नसते.