तिरकी तबकं

आमच्या जोयड्यात पाऊस लागला, की जुन्या चिऱ्याच्या भिंतींतून उंबर-पिंपळाची रोपं डोकं काढतात. माती नाही, खत नाही, तरी तरारलेली. तसलाच एक उंबर मी भिंतीतून सोडवून बोन्सायच्या उथळ तबकात लावला. (रोप भिंतीतलंच घ्यावं, इथलं बरंच रान काळी व्याघ्र प्रकल्पात येतं.) पाणी निथळावं म्हणून तळाला बोटभर खडी घातली. आषाढ संपायच्या आत पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं, तर मुळं काळी, बुळबुळीत, आणि वास गटाराचा.

पावसाला बोल लावून उपयोग नव्हता. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते! पिळला कुणीच नाही, फक्त उंची वाढली. कुंडीतही हेच होतं. तळाशी चिंब मातीचा एक थर राहतोच, आणि तो किती जाड हे मातीचा कण ठरवतो, कुंडी नव्हे. बादलीएवढ्या कुंडीत तो तळाशी पडून असतो; दोन इंचांच्या तबकात सगळी मुळं त्यातच बुडतात आणि हवेवाचून कुजतात. खडीनं तर उलटंच होतं. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही. चिंब थर जाडीनं तेवढाच राहतो, पण खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो.

म्हणून आता खडी बंद. चिरा तासताना पडलेला चुरा आणतो, चाळतो. ज्वारीहून बारीक ते टाकून देतो, हरभऱ्याएवढे खडे ठेवतो. ओला खडा चिमटीत दाबून चिखल झाला, तर तोही बाद. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र; खड्याच्या पोटात ओल राहते, दोन खड्यांमध्ये हवा खेळते. जपानी लोक अकाडामा नावाची दाणेदार माती वापरतात, तिचं कामही हेच. चैत्र-वैशाखात मात्र नुसत्या खड्यांवर भागत नाही. मूठभर कुजलेलं शेणखत मिसळतो आणि दोन वेळा पाणी घालतो.

पावसाळ्यात तबकाच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवतो, भोक उताराच्या बाजूला ठेवून. स्पंज उभा केला तसंच. अंगणात सध्या सगळी तबकं अशी तिरकी आहेत, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यातलं एखादं तरी सरळ करून जातो.