गाडीच्या काचेचा टवका : वेळीच करा दुरुस्ती



आज अनेकांच्या दारात पिकअप किंवा जीप उभी असते. भाजीपाला घेऊन पहाटे बाजार गाठताना पुढच्या डंपरच्या चाकाखालचा खडा उडतो आणि समोरच्या काचेवर टिकलीएवढा टवका पडतो. ‘एवढ्याने काय होते?’ म्हणून आपण तो तसाच ठेवतो. पिकावरील रोगाचा पहिला ठिपका दुर्लक्षिल्यावर जे होते, तेच येथेही होते.

समोरची काच दोन काचा आणि त्यांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा अशी तीन थरांची असते. खड्याने सहसा बाहेरचीच काच दुखावते, म्हणून ती दुरुस्त करता येते. परंतु रस्त्याचे धक्के, दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांमुळे टवक्यातून तडा निघतो व काचभर पसरतो. मग संपूर्ण काच बदलावी लागते. शिवाय रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड तड्यावर फुटतो, डोळे दिपतात आणि पुढे चाललेली बैलगाडी दिसत नाही. हा धोका पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठा आहे.

टवका पडताच त्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ व पाणी आत जाणार नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. गाडी सावलीत उभी करावी.

टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल तर तो बहुधा भरता येतो. मात्र तो चालकाच्या अगदी नजरेसमोर किंवा काचेच्या कडेजवळ असेल, लांब तडा गेला असेल किंवा आतल्या काचेलाही इजा झाली असेल, तर जाणकार कारागिराला दाखवावे. अशा वेळी काच बदलणेच हिताचे ठरते.

दुरुस्तीचा संच वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. प्रथम सुईने काचेचे सुटे कण काढावेत व जागा पूर्ण कोरडी करावी. संचातील नळी टवक्यावर बरोबर बसवून तीत रेझिनचे थेंब सोडावेत. दट्ट्या ओढला की आतली हवा निघते आणि दाबला की रेझिन बारीक चिरांत शिरते. हे काम सावलीतच करावे, कारण उन्हातील अतिनील किरणांनी रेझिन घट्ट होते. चिरा भरल्यावर नळी काढून एक थेंब टाकावा, वर संचातील पारदर्शक पट्टी ठेवावी आणि मगच गाडी उन्हात आणावी. रेझिन पूर्ण कडक झाल्यावर पट्टी काढून वर राहिलेला भाग उभ्या धरलेल्या पात्याने खरवडावा. संचावरील सूचना आधी वाचाव्यात.

झटपट चिकटणारा घरगुती गोंद मात्र वापरू नये. तो चिरांत नीट शिरत नाही आणि पुढची योग्य दुरुस्तीही अवघड करतो.

दुरुस्तीनंतर पुसटसा डाग राहतो. आपला हेतू डाग घालवणे हा नसून तडा थांबवणे हा आहे. खडीने भरलेल्या वाहनामागे पुरेसे अंतर ठेवावे, म्हणजे ही वेळच कमी येईल.

मालाइतकीच माल नेणाऱ्याची काळजी घ्या.