पत्र कोठे अडते?

मुधोळ दोन आहेत. एक तेलंगणात, २०१६ पर्यंत आदिलाबाद व आता निर्मल जिल्ह्यात. दुसरे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात. नुसत्या नावावर विसंबलेले मुलाखतीचे पत्र भलत्याच मुधोळास जाऊ शकते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेल्या पिनकोडाने हा घोटाळा टळतो: इकडचा क्रमांक ५०४ ने, तिकडचा ५८७ ने सुरू होतो.

संगणकीय टपालात मात्र पत्ता बिनचूक असूनही शेकडो शिक्षकांना एकदम धाडलेली सूचना अडते. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने टपाल पाठवावे, याची ‘एसपीएफ’ नोंद डोमेनवर नसेल, तर घेणारा सर्व्हर ते संशयित मानून परत करू शकतो. परतीच्या पत्रात कारण बहुधा लिहिलेले असते. ते न वाचताच पुष्कळजण तीच सूचना पुन्हा धाडतात!