ओल्या कचऱ्याची वाट : स्वयंपाकघरापासून शेतापर्यंत

(नगरपरिषद अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहरातील प्रत्येक घरी दिवसातून दोन वेळा स्वयंपाक होतो आणि दोन्ही वेळा काही ना काही मागे उरते. भाजीचे देठ, कांद्याची टरफले, फळांच्या साली, चहाचा चोथा, ताटातील उष्टे-खरकटे, देवघरातील निर्माल्य. एका घरापुरते पाहिले तर हा ऐवज ओंजळभर. परंतु लक्षावधी घरांच्या ओंजळी एकत्र आल्या की त्यांचा डोंगर होतो. आपल्या शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा अशा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. या निम्म्या वाट्याची नीट व्यवस्था लागली, तर उरलेल्या निम्म्याचा प्रश्न आपोआप सोपा होतो. ती लागली नाही, तर दोन्ही वाटे एकमेकांना नासवतात.

शहराचा कचरा, गावाची जमीन

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. महानगरांच्या उकिरड्यांच्या नशिबी मात्र तेवढेही भाग्य आले नाही. मुंबईतील देवनार येथे १९२७ सालापासून कचरा साठत गेला. जानेवारी २०१६ मध्ये तेथील ढिगांना लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवण्याची वेळ आली. पुणे शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. विहिरींचे पाणी बिघडल्याची तक्रार गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे मांडली आणि २०१७ साली डेपोला आग लागल्यानंतर त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी कचरा टाकू देण्यास ठाम नकार दिला. पाहता पाहता शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. नव्या जागेच्या शोधात गाड्या मिटमिट्याकडे वळल्या, तेव्हा तेथेही संघर्ष उफाळला.

या तिन्ही घटनांमागे एकच कारण आहे. शहराने जे घराबाहेर काढले, ते कोणाच्या तरी दारात जाऊन पडले. आणि त्या ढिगाऱ्यात त्रासदायक ठरले ते मुख्यतः खरकटेच. मिसळलेल्या कचऱ्याखाली दबलेले अन्न हवेवाचून कुजते. त्यातून पाझरणारे काळे पाणी भूगर्भात उतरते, विहिरी व ओढे दूषित करते. त्यातूनच मिथेन वायू तयार होतो. हा वायू ज्वालाग्राही असल्याने ढीग आतल्या आत धुमसत राहतात. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने वातावरण तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट आहे. तोच पदार्थ हवा आणि ओलावा यांच्या योग्य मेळात कुजवला, तर उत्तम खत होते. दोष पदार्थाचा नसून व्यवस्थेचा आहे.

जुना अनुभव काय सांगतो

कचऱ्यापासून खत ही कल्पना आपल्याला परकी नाही. शेणखत आणि सोनखत यांचे मोल शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात शेतातील पालापाचोळा व शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पुसदचे पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची पद्धत दिली. ती कित्येक पंचायत सदस्यांच्या पाहण्यातली असेल.

तथापि शहरांच्या बाबतीत एक धडा विसरून चालणार नाही. १९७० च्या दशकात केंद्र शासनाच्या साहाय्याने मोठ्या शहरांत यांत्रिक खत कारखाने उभे राहिले. त्यांतील बहुतेक टिकले नाहीत. कारखान्यात येणारा कचरा मिसळलेला होता. खतात काचा, खिळे, चिंध्या येत राहिल्या. असे खत शेतकऱ्याने का घ्यावे? यंत्र कितीही महागडे असले, तरी स्वयंपाकघरात झालेली मिसळ कारखान्यात पूर्णपणे सुटी होत नाही, हे त्या खर्चिक अनुभवाने सिद्ध केले.

पुण्याची वाटचाल

हा धडा गिरवण्याचे काम पुण्यात वेगळ्याच दिशेने सुरू झाले. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. कचराकुंड्यांतून भंगार वेचून पोट भरणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातील स्त्रिया या संघटनेत एकत्र आल्या. आपण घाण करीत नाही, शहराची घाण कमी करतो, हे त्यांचे म्हणणे होते. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. आता या संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांच्या वर आहे.

या व्यवस्थेची रचना साधी आहे. ढकलगाडी घेऊन कचरावेचक घरोघरी जाते. ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेते. घरटी ठरलेले मासिक शुल्क तिला मिळते. सुक्या कचऱ्यातील कागद, प्लास्टिक, पत्रा विकून येणारे पैसेही तिचेच. ओला कचरा सोसायटीच्या खतखड्यात किंवा महापालिकेच्या गाडीतून प्रक्रिया केंद्राकडे जातो. कुंडीतल्या चिखलात हात घालण्याऐवजी दारातून स्वच्छ माल मिळाल्याने भंगाराला भाव चांगला येतो, आणि हातांना होणाऱ्या जखमाही कमी होतात. म्हणूनच गृहिणीने दोन डबे ठेवणे हे केवळ नीटनेटकेपणाचे लक्षण नव्हे. दुसऱ्या एका स्त्रीच्या आरोग्याचा आणि मिळकतीचा तो प्रश्न आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, हे या संस्थेचे आवाहनही त्याच भूमिकेतून आले.

खत आणि गॅस

वेगळ्या मिळालेल्या ओल्या कचऱ्याचे पुढे दोन मार्ग आहेत. पहिला खताचा. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते. म्हणून त्यात वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या मिसळावा लागतो. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे तीसास एक असावे. मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पण पाणी गळू नये. अधूनमधून ढीग वरखाली केला, तर दुर्गंधी येत नाही आणि दीड ते दोन महिन्यांत खत तयार होते. बाल्कनीतील छिद्रांच्या बादलीतही हे जमते.

दुसरा मार्ग गॅसचा. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे आटोपशीर घरगुती संयंत्र तयार केले. त्यास २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार लाभला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात कचऱ्याचा लगदा प्रथम हवा व गरम पाणी यांच्या साहाय्याने आणि नंतर हवाबंद टाकीत कुजवला जातो. मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण पुन्हा इंदूरचेच. तेथे दररोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्यातील वायूवर शहर बस धावू लागल्या. आपल्या राज्यात वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेनेही कचरा डेपोच्या जागी उद्यान फुलवून दाखवले आहे.

अडचणी कोठे येतात

यशाच्या कथांबरोबर अपयशाचीही नोंद ठेवली पाहिजे. पुण्यात प्रभागवार उभारलेले कित्येक बायोगॅस प्रकल्प क्षमतेपेक्षा कमी चालले, काही बंद पडले. निव्वळ ओला कचरा पुरेसा न मिळणे आणि देखभालीत खंड पडणे ही त्यामागची कारणे होती. याहून घातक असा एक प्रकार सर्वत्र दिसतो. नागरिक दोन डबे देतात आणि गाडीत दोन्ही एकत्र ओतले जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या कुटुंबाला पुन्हा दुसरा डबा ठेवायला लावणे फार कठीण असते.

कायदा या बाबतीत मुका राहिलेला नाही. २००० च्या नियमांनी घरोघरी संकलनाची जबाबदारी नगर संस्थांवर टाकली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा वेगळा देणे प्रत्येक घरास बंधनकारक केले. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नकचरा जमिनीत पुरण्यास बंदी केली आणि २०१३ पासून वजनानुसार शुल्क लावले. तेथेही नियमाला बळ आले ते रोजच्या वक्तशीर उचलीमुळे आणि अचूक मोजमापामुळे.

कोणी काय करावे

अधिकाऱ्यांनी प्रथम गाडीत दोन कप्पे करावेत आणि मग नागरिकांकडे दोन डबे मागावेत. हा क्रम उलटला की योजना फसते. ओल्या कचऱ्याची गाडी दररोज, ठरल्या वेळी आलीच पाहिजे; आपल्या हवेत खरकटे दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. कचरावेचकांना बाजूला सारून नव्हे, तर सामावून घेऊन योजना आखावी.

शिक्षकांनी शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या खरकट्यापासून आरंभ करावा. आवारातील एका खड्ड्यात खत होताना मुलाने पाहिले, तर घरच्या डब्यांवर त्याची नजर राहील. ही देखरेख कोणत्याही निरीक्षकापेक्षा कडक असते.

पंचायत सदस्यांचे स्थान सर्वांत निराळे. आजवर शहराने त्यांच्या शिवारात कचरा पाठवला. यापुढे गावाने शहराला स्पष्ट सांगावे : मिसळलेला कचरा स्वीकारला जाणार नाही, काच-प्लास्टिक नसलेले, तपासलेले खत मात्र अवश्य पाठवा. जमिनीतून निघालेले सत्त्व जमिनीकडे परत यावे, यात दोघांचाही लाभ आहे. शेतातून शहरात गेलेली भाजीची जुडी विष होऊन परतावी की खत होऊन, याचा निर्णय रोज स्वयंपाकघरातील दोन डब्यांपाशी होत असतो.