संचालक मंडळातली एक खुर्ची

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असावी लागते. अनेक ठिकाणी ही खुर्ची प्रवर्तकांच्या घरातच राहिली. पुढे सेबीने अट कडक केली. बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून एक महिला स्वतंत्र संचालक नेमणं बंधनकारक झालं. घरची नव्हे, स्वतंत्र.  

खुर्ची भरली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. ताटात डावीकडे लोणचं वाढलं की ताट शोभतं. लोणचं नसलं तर पंगत कुरकुरते. पण स्वयंपाक काय करायचा, हे लोणच्याला कोणी विचारत नाही. कंपनीत हे ठरतं मंडळाच्या समित्यांत. गैरप्रकारांच्या तक्रारींच्या यंत्रणेवर लेखापरीक्षण समितीची देखरेख असते. वरिष्ठ पदांवर कोणाला घ्यावं, हे नामनिर्देशन व मानधन समिती सुचवते. महिला संचालक तिथे आहे का, हे पाहावं. मंडळावर आहे, एवढ्याने भागत नाही.

मानवी हक्कांचा हिशेबही असाच वाचावा लागतो. २०२२-२३ पासून पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नमुन्यात जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं. किमान वेतन किती जणांना मिळतं, स्त्रिया आणि पुरुष यांच्या पगाराचा मध्यक किती, बालमजुरी व वेठबिगारीची तपासणी किती कारखान्यांत झाली, हे त्यात भरायचं. माल पुरवणाऱ्यांकडच्या तपासणीचा रकाना मात्र ऐच्छिक.

याच अहवालात लैंगिक छळाच्या तक्रारींपुढे ‘शून्य’ लिहिलेलं असतं, ते वाचून हायसं वाटण्याचं कारण नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या, २०१३ च्याच कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी वरिष्ठ महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात. ही समिती आहे हे पाळीवरच्या कामगार बाईला ठाऊकच नसेल, तरी आकडा शून्यच येतो. हा शून्य कुठून आला, हे विचारणारी व्यक्ती मंडळात हवी. ताटातल्या लोणच्याला ते विचारता येत नाही.

भागधारकांनी वार्षिक सभेत लाभांशाबरोबर एवढं तरी विचारावं: महिला संचालक कोणकोणत्या समित्यांवर आहेत?