शेपटीचे चाक

रिठदच्या काळ्या रानात पाऊस पडला की लोखंडी धावेची गाडी रुतते. रुंद रबरी टायरची सहज निघते. विमानाच्या शेपटीखालच्या चाकाचेही तसेच. अलास्कात पायपर सुपर कब विमाने नदीकाठच्या गोट्यांवर उतरतात. तिथे लहान, टणक चाक अडकते; हवा भरलेले मोठे चाक वरून जाते.

मग सर्वांत मोठेच बसवावे का? जरा थांबा. मागे ओझे वाढले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते, हे तुम्ही जाणताच. शेपूट जड झाले की विमानाचाही तोल मागे सरतो. हवेत वेग तुटला तर नाक खाली आणणे कठीण. मग जिवाशीच गाठ! म्हणून आधी जमीन पाहावी, तोलाचा हिशेब मांडावा, आणि मगच चाक निवडावे.